‘अंबर’ : एका विरळ अरबी नावाचा अर्थ आणि इतिहास
मलिक अंबरच्या नावातील ‘अंबर’ हा संस्कृतमधील आकाशवाचक शब्द नव्हे. अरबी भाषेत ‘अन्बर’ म्हणजे देवमाशाच्या आतड्यात तयार होणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. मध्ययुगीन अरब जगात अन्बर, काफूर (कापूर), याकूत (माणिक) ही नावे प्रामुख्याने गुलामांना दिली जात. स्वतंत्र कुळांत ती विरळच राहिली. वरवर गौरवपर भासणाऱ्या या नामकरणामागे माणसाला मौल्यवान वस्तू मानणारी मालकीची दृष्टी होती. इथिओपियात जन्मलेल्या चापूलाही हे नाव गुलामगिरीतच मिळाले. पुढे निजामशाहीचा सूत्रधार होऊन त्याने इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल-आदिलशाही फौजांचा पराभव केला. सत्ता आली तरी नाव तेच राहिले. त्यापूर्वी केवळ ‘मलिक’, म्हणजे अधिपती, ही उपाधी जोडली गेली. दास्य आणि सत्ता या दोहोंची नोंद या एकाच नावात टिकून आहे.