कार्ड बिघडले नव्हते

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना कित्येक पाड्यांवर फोनची रेंज हरवते. तिकडच्याच एका शिक्षकमित्राने मागे मला आपला जुना लॅपटॉप दाखवला. त्यात लिनक्स ही खुली, फुकट मिळणारी प्रणाली होती. बाकी सारे चाले, वायफाय तेवढे दिसेना. दुकानदार म्हणाला, “कार्ड गेलं, बदला.” पण कार्ड धड होते. बैल कितीही धडधाकट असो, परक्याच्या हाळीला तो पाऊल उचलत नाही, तशातली गत!

कार्डाला कळणारी ही हाळी म्हणजे ‘ड्रायव्हर’. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक ठरले. परंतु चिप बनवणाऱ्या अनेक कंपन्या विंडोजपुरता ड्रायव्हर देत. चिप आतून कशी चालते, ते सांगत नसत. ब्रॉडकॉम ही त्यांतलीच एक. मग काही प्रोग्रामरांनी काय करावे? एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरची उकल करून चिपचे वागणे लिहून काढले. दुसऱ्या गटाने केवळ ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर रचला. नकलेचा आळ येऊ नये म्हणून ही वाटणी! २००६ मध्ये तो लिनक्समध्ये दाखल झाला. २०१० साली ब्रॉडकॉमने स्वतःच आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला.

तरी एक अडसर उरला. चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम, म्हणजे ‘फर्मवेअर’, कंपनीच्याच मालकीचा. म्हणून डेबियनसारखी लिनक्सची आवृत्ती तो मूळ संचात ठेवत नसे. २०२२ मध्ये मतदान होऊन ही रीत बदलली आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तो संचातच येऊ लागला.

तेव्हा गुरुजी, कार्ड बदलण्याआधी तीन गोष्टी कराच. ‘आरएफकिल’ ही आज्ञा देऊन वायफाय कुठे बंद तर केलेले नाही ना, ते पाहा. ‘एलएसपीसीआय’ने चिपचे नाव काढा. फर्मवेअर नसेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि त्याच्या इंटरनेटवरून ते उतरवून घ्या.

मित्राची चिप ब्रॉडकॉमचीच निघाली. जव्हारला, रेंज होती तिथे बसून, आम्ही फर्मवेअर उतरवले आणि वायफाय लागले. खर्च शून्य. पुढे त्याने हीच युक्ती आपल्या मुलांना शिकवली. दुकान दूर असले म्हणजे विद्या जवळ हवी, नाही का?