बंदूक खाली ठेवून वही उचलली

पक्षिगणनेचा जन्म शिकारीला पर्याय म्हणून झाला. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट पाडून शिकारीला जायची रीत होती. जास्त जीव मारेल तो गट विजयी. 1900 साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने आवाहन केलं, मारू नका, मोजा. त्या नाताळात 25 ठिकाणी 27 जणांनी पक्षी मोजले. पुढे 1967 मध्ये पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय हिवाळी गणना सुरू झाली आणि 1987 मध्ये तीच पद्धत आशियाई पाणपक्षी गणना म्हणून भारतीय उपखंडात आली. दर जानेवारीत होणारी ही गणना आजही स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे.

मी मोजायला जातो ते निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. पाखरांना हवं ते सगळं तिथे मिळालं. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं.

गणनेचं काम दोघांचं. एकाचा डोळा दुर्बिणीला, दुसऱ्याच्या हातात वही. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचं आणि त्याच मापाने थवा पार करायचा. तलवार बदक शेपटीवरून कळतं, थापट्या पसरट चोचीवरून. वारकरी मात्र बुडी मारतात, म्हणून त्यांच्यावरून पुन्हा नजर फिरवावी लागते. जात ओळखू आली नाही, तर ‘अनोळखी बदक’ असंच लिहायचं. अंदाजाने नाव ठोकायचं नाही.

या आकड्यांना वजन असतं. एखाद्या पाणथळीवर नेमाने 20,000 पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला एक टक्का तिथे असेल, तर ती जागा पाणथळींच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या निकषात बसते. 2020 च्या जानेवारीत नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

एका वर्षाच्या आकड्यावरून मात्र फारसं काही ठरत नाही. तेच तळं, तोच हंगाम, वर्षानुवर्षं मोजलं तरच घट दिसते. म्हणून पक्षी कमी आले त्या वर्षीही जायला हवं, आणि शून्य असेल तर शून्यच लिहायला हवं. तुमच्या गावाजवळ तळं असेल, तर येत्या जानेवारीत वही घेऊन या. आमच्याकडे माणसं नेहमीच कमी पडतात.