शिकारीचा परतीचा प्रवास : मीठ, पेटी आणि परवाना

शिकारकथांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. बार होतो, जनावर कोसळते आणि कथा संपते. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र खरी कथा तेथून सुरू होते. आफ्रिकेच्या माळावर पडलेला सिंह किंवा गेंडा समुद्रापलीकडच्या दिवाणखान्यात पोहोचवायचा, तर त्याचे कातडे कुजू द्यायचे नाही, त्याला कीड लागू द्यायची नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक बंदरावर त्याच्या मालकीचा व वैधतेचा जाब द्यायचा. शंभर वर्षांपूर्वी या प्रवासातील मुख्य अडचण मिठाची होती. आज ती कागदाची आहे. हा बदल कसा घडला आणि त्यातून वन्यजीवांच्या पदरात नेमके काय पडले, हे पाहणे उद्बोधक आहे. राज्यसंस्थेचा हात कोठवर पोहोचतो आणि कोठे तोकडा पडतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण इतरत्र क्वचितच सापडेल.

प्रथम शब्दाविषयी. 'ट्रॉफी' म्हणजे शिकारीची स्मृती म्हणून जपलेला प्राण्याचा अवशेष, हा झाला लौकिक अर्थ. आपल्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाची व्याख्या यापेक्षा बरीच व्यापक आहे. प्राण्याचा संपूर्ण देह किंवा त्याचा कोणताही भाग, मग ते कातडे असो, पेंढा भरलेला नमुना असो, शिंग, नख, दात, पीस, कस्तुरी, इतकेच नव्हे तर अंडे आणि घरटेदेखील, कोणत्याही उपायाने जतन केले असेल तर ती ट्रॉफी होय. प्रक्रिया न झालेल्या ट्रॉफीसाठी याच अधिनियमात वेगळी व्याख्या आहे. नुकतेच सोललेले कातडे आणि भिंतीवर टांगलेले मुखवटे यांच्यामध्ये एक लांब वाट असते आणि कायद्याला त्या वाटेवरही नजर ठेवावी लागते, याची जाण मसुदा करणाऱ्यांना होती.

परदेशी शिकारीतून ट्रॉफी घरी नेण्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग १९०९ सालचा आहे. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून महिनाही उलटला नव्हता तोच थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कहून आगबोटीने निघाले आणि एप्रिलमध्ये मोंबासा बंदरात उतरले. मोहीम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी होती. पुत्र कर्मिट आणि तीन निसर्गशास्त्रज्ञ त्यांच्यासमवेत होते. तो सारा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात होता, आणि तेथे चलन चालत असे ते आपला रुपया. ज्या युगांडा रेल्वेने ही मंडळी आत गेली, ती प्रामुख्याने हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधली होती. बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याला जो परवाना घ्यावा लागे, त्याचे शुल्क ५० पौंड, म्हणजे त्या काळच्या दराने ७५० रुपये होते. वसाहतीच्या तिजोरीच्या दृष्टीने वन्यप्राणी हे उत्पन्नाचे एक शीर्ष होते.

या मोहिमेच्या सामानात चार टन मीठ होते. बंदुका आणि काडतुसांच्या वर्णनात हा आकडा सहसा हरवतो. पण मोहिमेचे यश त्यावरच अवलंबून होते. उष्ण हवेत कातडे काही तासांत बिघडू लागते आणि त्याचे केस मुळापासून सुटतात. म्हणून जनावर पडल्याबरोबर ते सोलायचे, कान उलटे करायचे, ओठ चिरायचे, चरबी व मांस खरवडायचे, मग मीठ चोळून पाणी ओढून घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे. कवट्या उकळून स्वच्छ करायच्या. कीड लागू नये म्हणून त्या काळी सोमलयुक्त साबण सर्रास वापरला जाई. हे सर्व वाहून नेण्यासाठी दोनशेहून अधिक हमाल होते, आणि एका हमालाचे ओझे साधारण ६० पौंडांचे धरले जाई. बंदुकीचा चाप ओढणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. मीठ आणि ओझी वाहणाऱ्यांची नावे फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत.

१९१० च्या मार्चमध्ये खार्टूमला मोहीम संपली, तेव्हा गोळा झालेल्या प्राण्यांची संख्या ११ हजारांच्या वर गेली होती. त्यात लहान सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि मासे यांचाच भरणा अधिक होता. रूझवेल्ट पिता-पुत्रांनी स्वतः मारलेली मोठी जनावरे ५१२ होती. या संग्रहाची नोंद पूर्ण करायला संग्रहालयाला पुढे कित्येक वर्षे लागली. आज हे आकडे वाचून मन अस्वस्थ होते. परंतु त्या काळच्या प्रशासनापुढे प्रश्न एवढाच होता, की परवान्याचे शुल्क भरले आहे काय आणि परवान्यावरील संख्येची मर्यादा पाळली आहे काय.

याच काळात दुसरा विचारही आकार घेत होता. १९०० च्या मे महिन्यात आफ्रिकेत वसाहती असलेल्या युरोपीय सत्तांनी लंडनमध्ये वन्यप्राणी रक्षणाचा एक करार केला. पाच किलोंपेक्षा कमी वजनाचे हस्तिदंत जप्त करावे, अशी एक तरतूद त्यात होती. ही तरतूद विचार करण्यासारखी आहे. लाखो चौरस मैलांच्या अरण्यात हत्तीचे पिल्लू कोण मारतो, हे पाहायला अधिकारी कोठून आणायचा? पण सुळा विकायचा किंवा घरी न्यायचा, तर तो कधी ना कधी बंदरावर येणारच. आणि बंदरावर तराजू ठेवता येतो. सर्व सत्तांनी अनुमोदन न दिल्यामुळे करार अमलात आला नाही. पण जंगल राखता येत नसेल तर वाट राखावी, ही त्यातील कल्पना टिकली.

१९३३ मध्ये लंडनलाच दुसरा करार झाला आणि १९३६ मध्ये तो अमलात आला. ट्रॉफीच्या निर्यातीवर व आयातीवर दाखल्यांचे बंधन त्यात होते. मृतावस्थेत सापडलेल्या किंवा स्वसंरक्षणार्थ मारलेल्या प्राण्याची ट्रॉफी तत्त्वतः सरकारची, असाही नियम त्यात होता. आपल्या १९७२ च्या अधिनियमाचे कलम ३९ वाचताना याच विचाराचे प्रतिबिंब दिसते.

ट्रॉफीच्या मालकीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर त्साव्होच्या सिंहांच्या कथेत आहे. १८९८ मध्ये युगांडा रेल्वेच्या पुलावर काम करणाऱ्या मजुरांना, आणि त्यांत आपले अनेक हिंदुस्थानी मजूर होते, ज्या दोन सिंहांनी मारून खाल्ले, त्यांना कर्नल पॅटरसन यांनी टिपले. ती कातडी सुमारे २५ वर्षे त्यांच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने ती ५ हजार डॉलरना विकत घेतली. ट्रॉफी शिकारीनंतर अनेक वर्षे उरते, हस्तांतरित होते, तिची किंमत वाढते. म्हणून कायद्याला ती आली कोठून, हे दशकानुदशके लक्षात ठेवावे लागते.

आजच्या व्यवस्थेचा पाया ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे सही झालेल्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने घातला. १ जुलै १९७५ पासून तो अमलात आहे आणि १९७६ पासून भारत त्यात सहभागी आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याची ट्रॉफी न्यायची, तर दोन परवाने लागतात : आयात करणाऱ्या देशाचा आणि निर्यात करणाऱ्या देशाचा. यातील क्रम लक्षणीय आहे. आधी आयातीचा परवाना, मग निर्यातीचा. या शिकारीमुळे प्रजातीला धोका नाही आणि हेतू मुख्यतः व्यापारी नाही, हे दोन्ही टोकांच्या यंत्रणांनी आपापल्या परीने तपासायचे. दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांच्या संमतीखेरीज पेटी हलू नये, असा हा दुहेरी कुलपाचा प्रबंध आहे.

याखेरीज अन्य कागद आहेतच. शिकारीचा परवाना, पशुवैद्यकीय दाखला, कातड्यावर जंतुनाशक प्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र, मालवाहतुकीची बिले, सीमाशुल्काची कागदपत्रे. लाकडी पेटीसुद्धा यातून सुटलेली नाही. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आणि पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा ठसा असावा लागतो. शिकारी दहा-पंधरा दिवसांत विमानाने घरी परततो. त्याची शिकार मात्र काही महिन्यांनी, कधी वर्षानंतर पोहोचते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या कागदांनी प्राणी वाचले काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात दोन परस्परविरोधी पुरावे दिसतात. पहिला पुरावा पांढऱ्या गेंड्याचा. दक्षिण आफ्रिकेत १९६८ मध्ये त्याची मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली, तेव्हा संख्या सुमारे १८०० होती. २०१० च्या सुमारास ती १८ हजारांच्या वर होती. संरक्षित क्षेत्रांचे कार्य यात मोठे आहे. पण खासगी जमीनमालकाला गेंडा पाळण्यात उत्पन्न दिसू लागले, हेही एक कारण मानले जाते. ज्या वस्तूला किंमत असते ती जपली जाते, या तत्त्वाला येथे दुजोरा मिळतो.

दुसरा पुरावा त्याच गेंड्याचा आहे. गेंड्याच्या शिंगाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद, परंतु ट्रॉफी म्हणून तेच शिंग नेण्यास मुभा, अशी स्थिती होती. मग या फटीत शिरणारे निघाले. २००३ नंतर दक्षिण आफ्रिकेत व्हिएतनामी 'शिकाऱ्यां'ची संख्या वाढू लागली. त्यांतील कित्येकांना बंदूक चालवण्याचा अनुभव नव्हता. जनावर दुसराच कोणी टिपत असे. कागद सर्व खरे, सह्या खऱ्या, शिक्के खरे. खोटा होता तो फक्त शिकारी. २००९ मध्ये एका व्यक्तीला वर्षाला एकच गेंडा असा नियम झाला. त्यावर उपाय म्हणून इतरांची नावे लावली जाऊ लागली. एका प्रकरणात ज्या स्त्रियांची नावे शिकारी म्हणून दाखवली गेली, त्यांचा शिकारीशी काडीचाही संबंध नव्हता. त्यातील थायलंडच्या सूत्रधाराला २०१२ मध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली. अपिलांत ती अखेर १३ वर्षांवर आली. त्याच २०१२ साली व्हिएतनामी नागरिकांना असे परवाने देणे थांबवले गेले. चोरट्या शिकारीचा आकडाही याच काळात चढत होता : दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते, २०१४ मध्ये १२१५.

कुजलेल्या कातड्याला वास येतो, कुजलेल्या परवान्याला येत नाही. मिठाच्या काळात निष्काळजीपणा लगेच उघडा पडे. कागदाच्या काळात तो नस्तीत सुखाने पडून राहतो. ज्या वस्तूचा व्यापार बंद आहे तिला अपवाद म्हणून कागद दिला, की वस्तूची सारी किंमत त्या कागदात उतरते. हे अर्थशास्त्राचे सूत्र परवान्याचा नमुना तयार करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वादाचे आणखी एक अंग आहे : निर्णय कोणाचा? नामिबियाने काळ्या गेंड्याच्या एका शिकारीचा परवाना लिलावात काढला आणि जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला साडेतीन लाख डॉलर मिळाले. पण ट्रॉफी अमेरिकेत आणण्याची अनुमती मिळेपर्यंत, म्हणजे मार्च २०१५ पर्यंत, शिकार झाली नाही. गेंडा नामिबियाचा, पण त्याची किल्ली वॉशिंग्टनच्या कार्यालयात! २०१५ मध्ये झिंबाब्वेतील 'सेसिल' सिंहाच्या शिकारीनंतर लोकक्षोभ उसळला, तेव्हा काही विमान कंपन्यांनी अशा ट्रॉफी नेण्यास नकार दिला; कायदा न बदलताच वाट अरुंद झाली. २०२४ मध्ये जर्मनीने आयातीचे नियम कडक करण्याचा विचार मांडला, तेव्हा बोत्सवानाच्या तत्कालीन अध्यक्षांनी २० हजार हत्ती जर्मनीला पाठवून देतो, असे संतापाने सुनावले. त्यातील उपरोध सोडला तरी दुखणे खरे आहे. हत्तीने पीक तुडवलेल्या शेतकऱ्याचे मत आयात-परवान्याच्या नमुन्यात कोणत्याच रकान्यात मावत नाही.

आपण वेगळा मार्ग घेतला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे परदेशी पाहुणे डॉलर मोजून येथे वाघ मारून नेत, आणि म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांची पेंढा भरण्याची कार्यशाळा जगात नावाजलेली होती. ती १९९९ मध्ये बंद झाली. १९७२ च्या अधिनियमाने ही वाटच मिटवली. जुन्या ट्रॉफींसाठी घोषणापत्र व मालकीचे प्रमाणपत्र आले. ज्यांनी पूर्वी घोषणा केली नव्हती त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या तरतुदी आपल्या कायद्यात समाविष्ट केल्या आणि अशी वस्तू स्वेच्छेने, मोबदल्याविना सरकारजमा करण्याची सोयही केली. आजोबांनी भिंतीवर टांगलेले वाघाचे डोके नातवाने वनखात्याच्या स्वाधीन करावे, हाही ट्रॉफीचा एक परतीचा प्रवासच आहे.

आफ्रिकेतील देशांनी आपलेच अनुकरण करावे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. त्यांची जमीन, लोकसंख्या आणि गरजा वेगळ्या आहेत. शिकारीला मुभा असो वा बंदी, दोन्हींचा निकाल शेवटी बंदरावर लागतो, एवढेच या इतिहासातून दिसते. करार लिहिणाऱ्यांनी जंगलाऐवजी वाट राखायचे ठरवले, ते व्यवहार्यच होते. मात्र त्यामुळे वाटेवर बसलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यावर फार मोठा भार आला. पेटी उघडून आतले शिंग आणि हातातला कागद एकमेकांशी जुळतात की नाही, आणि ज्याच्या नावाचा कागद आहे त्याने खरोखर शिकार केली होती काय, हे विचारण्याचे धैर्य, वेळ आणि प्रशिक्षण त्याला आपण देतो काय? त्या अधिकाऱ्याला वाऱ्यावर सोडून केवळ नव्या कागदांची भर घालणे म्हणजे मिठाचा पुरवठा न करता कातड्यांची मागणी करण्यासारखे आहे.