रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका नावाचा प्रवास



ऐंशीच्या दशकात आपल्या लातूर-नांदेडकडे 'बँड' म्हटलं की लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर येई. गिटार आणि ड्रमवर इंग्रजी गाणी वाजवणारा बँड ही मुंबईची गोष्ट. बारावीनंतर आपल्यातले काही जण पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलवर गेले आणि तिथल्या टेपरेकॉर्डरवर अशी गाणी पहिल्यांदा नीट कानावर पडली. त्या काळातल्या एका मुंबईकर बँडच्या नावाचा हा छोटासा इतिहास.

'रॉक मशीन' हा बँड १९८४ साली मुंबईत सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन. पुढे उदय बेनेगल गायक म्हणून आले आणि झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. नुसती नावं वाचली तरी मुंबई दिसते. त्या वेळी आपल्याकडचे बहुतेक इंग्रजी बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवत आणि श्रोत्यांनाही तेच हवं असे. या मुलांनी मात्र स्वतःची गाणी रचली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' असे त्यांचे दोन अल्बम आले. गाणी स्वतःची होती, नाव मात्र कुठल्याही देशातल्या, कुठल्याही बँडला चाललं असतं. त्यावरून ही माणसं कुठली, याचा काहीच पत्ता लागत नव्हता.

याच काळातल्या एका इंग्रज बँडचं नाव पाहा, म्हणजे फरक कळेल. बर्मिंगहॅमच्या बेकार तरुणांनी १९७८ साली 'यूबी-४०' नावाचा बँड काढला. यूबी-४० म्हणजे तिथल्या बेकारभत्त्याच्या कार्डाचा क्रमांक. त्यांच्या १९८० च्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर ते कार्डच छापलेलं होतं. सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उभं राहून नाव नोंदवलेल्या आणि पुढे ते कार्ड जपून ठेवलेल्या आपल्या पिढीला यातली गंमत आणि यातलं दुःख, दोन्ही समजावून सांगावं लागणार नाही. खिशात जे होतं, तेच त्यांनी नाव म्हणून लावलं.

रॉक मशीननं १९९३ मध्ये आपलं नाव बदललं आणि 'इंडस क्रीड' असं ठेवलं. क्रीड म्हणजे श्रद्धा, आणि इंडस म्हणजे आपली सिंधू. सिंधूचं इराणी लोकांच्या तोंडी 'हिंदू' झालं, ग्रीकांनी 'ह' गाळून 'इंदोस' केलं, लॅटिनमध्ये ते 'इंडस' झालं आणि त्यातूनच 'इंडिया' आलं. म्हणजे नाव इंग्रजी दिसलं तरी त्याचं मूळ इथल्याच पाण्यात आहे. आजी आंघोळीच्या वेळी सात नद्यांचा जो श्लोक म्हणायची, त्यात सिंधू आहे आणि नांदेडची गोदावरीही आहे. नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला आणि त्यातल्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला.

दहा वर्षं कमावलेलं नाव टाकून देणं सोपं नसतं. लोक विचारतात, नावात काय आहे? मराठवाड्यात वाढलेल्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आपण वह्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिलं. घर तेच, शाळा तीच, पण पत्ता सांगताना आवाज थोडा चढायला लागला. तो झाला आनंदाचा भाग. दुसरीकडे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि तो प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. त्या मधल्या वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातले पोचिराम कांबळे त्यांपैकी एक. एका बँडच्या नावाची त्या लढ्याशी तुलना होऊच शकत नाही. पण नाव म्हणजे नुसती पाटी नसते, त्यात माणसाची ओळख आणि मान असतो, हे आपल्या पिढीनं फार जवळून पाहिलं आहे.

इंडस क्रीड १९९७ मध्ये थांबला. २०१० मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २०१२ मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. ऐंशीच्या दशकातल्या चाहत्यांना भुलवायला 'रॉक मशीन' हे जुनं नाव सोयीचं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. विचार करून निवडलेलं नावच कायम ठेवलं.

जाता जाता एक सूचना. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव अजूनही 'ओल्ड इज गोल्ड' आहे. या नावाचे ग्रुप गावोगाव सापडतील. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं काढू आणि आपलं वाटेल असं एखादं नाव शोधू. गुरुजनांनी सुचवलेल्या नावाला अर्थातच पहिला मान.