अल्ट्रॉनचा बाप

माणसाने घडवलेलं यंत्र माणसावरच उलटलं, ही गोष्ट अमेरिकी कॉमिक्समध्ये इतक्यांदा येऊन गेली आहे की तिचं तात्पर्य वाचक आधीच ठरवून बसतो. यंत्र बेभरवशाचं असतं, संशोधकाने जपून राहावं, बस. मार्व्हल कॉमिक्समधला हँक पिम हा संशोधक-महानायक आणि त्याने बनवलेला अल्ट्रॉन हा यंत्रमानव यांच्या गोष्टीलाही बहुतेक जण याच खणात टाकतात. पण ही गोष्ट एका बैठकीत लिहिलेली नाही. १९६८ साली ती सुरू झाली तेव्हा दोष सगळा यंत्राचा होता आणि संशोधक निरपराध होता. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत निरनिराळ्या लेखकांनी ती पुन्हा पुन्हा हाती घेतली आणि दर वेळी दोषाचा थोडा थोडा भार यंत्रावरून उचलून संशोधकाच्या खांद्यावर ठेवला. माझ्या मते या गोष्टीची खरी कमाई तीच आहे. धंद्यासाठी, दरमहा अंक काढण्याच्या घाईत लिहिल्या गेलेल्या या कथांनी निर्मात्याच्या जबाबदारीचा प्रश्न अनेक गंभीर कादंबऱ्यांपेक्षा चिकाटीने लावून धरला.

या बदलाचं मोल कळायचं तर आधीचा काळ पाहावा लागतो. मार्व्हलच्या नावाचा उगम ज्या मासिकात आहे त्या 'मार्व्हल कॉमिक्स'च्या ऑक्टोबर १९३९च्या पहिल्याच अंकात कार्ल बर्गोस यांचा 'ह्यूमन टॉर्च' अवतरला. प्रोफेसर हॉर्टन नावाच्या संशोधकाने बनवलेला हा कृत्रिम माणूस, हवेचा स्पर्श होताच पेट घेणारा. लोक घाबरतात, त्याला कोंडून ठेवलं जातं, तो निसटतो. पण पुढे सज्जन ठरतो तो तोच. त्याच्यावर पैसा कमावण्याची स्वप्नं पाहणारा निर्माता मात्र लोभी ठरतो आणि टॉर्च त्याला सोडून जातो. त्याच वर्षी जानेवारीत 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये इअँडो बाइंडर या टोपणनावाने 'आय, रोबोट' ही कथा आली होती. तिच्यातल्या ॲडम लिंक या यंत्रमानवावर आपल्या निर्मात्याच्या खुनाचा आळ येतो आणि वाचकाला ठाऊक असतं की तो निर्दोष आहे. १९४२ साली आयझॅक असिमोव्ह यांनी यंत्रमानवांसाठी तीन नियम कथेत मांडले तेही याच धोरणाने: नीट बनवलेलं यंत्र मालकावर उलटणार नाही. म्हणजे १९२१ साली प्राग शहरात रंगमंचावर आलेल्या कारेल चापेक यांच्या नाटकातलं यंत्रमानवांचं बंड सर्वांना ठाऊक असतानाही, या पिढीने यंत्राला जाणूनबुजून निर्दोष ठरवलं होतं.

हँक पिम या पार्श्वभूमीवर आला, आणि त्याचा पहिला प्रवेश आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. जानेवारी १९६२च्या 'टेल्स टू ॲस्टॉनिश'च्या २७व्या अंकातली ती एक सुटी कथा होती. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि चित्रकार जॅक कर्बी यांची. पिमने माणसाला मुंगीएवढं करणारं रसायन शोधलेलं असतं. स्वतःवर प्रयोग करताना तो वारुळात अडकतो, कसाबसा सुटतो आणि हा शोध घातक आहे असं ओळखून ते रसायन नष्ट करून टाकतो. आठच अंकांनंतर, ३५व्या अंकात, मासिकाला नवा नायक हवा होता म्हणून पिमने तेच रसायन पुन्हा तयार केलं आणि तो 'अँट-मॅन' झाला. आपल्या शोधाचा धोका ओळखणारा आणि तरीही त्याकडे परत जाणारा हा माणूस अल्ट्रॉनच्या सहा वर्षं आधीच कागदावर उतरलेला होता. त्याची मालिका मात्र चालली नाही. पिम कधी 'जायंट-मॅन' झाला, कधी 'गोलायथ'. १९६५ साली 'टेल्स टू ॲस्टॉनिश'मधली त्याची जागाही गेली आणि 'ॲव्हेंजर्स' या संघाच्या मासिकापुरता तो उरला. ज्या पात्राला स्वतःचं घर नाही त्याच्याशी लेखकांना मोकळेपणाने खेळता येतं. स्पायडर-मॅनच्या बाबतीत जे धाडस कुणी केलं नसतं ते पिमच्या बाबतीत होऊ शकलं, त्यामागे हे व्यावहारिक कारण आहे.

ते धाडस रॉय थॉमस यांनी केलं. मिझुरीत इंग्रजी शिकवणारा हा तरुण १९६५ साली न्यूयॉर्कला येऊन मार्व्हलमध्ये लागला आणि वर्षभरात 'ॲव्हेंजर्स' लिहू लागला. चित्रकार जॉन ब्युसेमा यांच्यासह त्यांनी १९६८च्या उन्हाळ्यात अल्ट्रॉनला आणलं, पण तो कुणी बनवला हे सांगितलं नाही. खुलासा नोव्हेंबर १९६८च्या ५८व्या अंकात झाला. पिमने प्रयोगशाळेत एक यंत्रमानव बनवला. तो जागा झाला, तान्ह्या मुलासारखा बाबा म्हणाला, काही क्षणांत वाढला आणि बापाचा द्वेष करू लागला. मग त्याने पिमच्या मनातून हा सारा प्रसंग पुसून टाकला. ही पुसलेली आठवण वरवर रहस्यकथेची युक्ती वाटते, पण नैतिकदृष्ट्या तिने फार मोठं काम केलं. पिमला काही आठवतच नव्हतं, तेव्हा मधल्या काळात त्याने काय करायला हवं होतं हा प्रश्नच उरला नाही. यंत्र दुष्ट निघालं, बाप बेसावध होता, आणि सत्य कळताच तो लढायला उभा राहिला. पुढच्या ५९व्या आणि ६०व्या अंकांत पिमने 'यलोजॅकेट' हे नवं रूप घेतलं, सहकारी नायिका जॅनेट व्हॅन डाइनशी त्याचं लग्नही झालं आणि गोष्ट पुढे सरकली. विस्मरणाने त्याला जामीन दिला होता.

हा जामीन त्या काळात फार टिकणारा नव्हता. आपण बनवलेल्या वस्तूचं पुढे काय होतं याला आपण बांधील आहोत का, हा प्रश्न तेव्हाच्या अमेरिकेत खऱ्या संशोधकांपुढे उभा होता. सायबरनेटिक्सचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर यांनी १९४७ सालीच क्षेपणास्त्रांसाठी आपलं संशोधन द्यायला जाहीर नकार दिला होता. एमआयटीतले जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' हा संवाद करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. लोक त्या यंत्रापाशी मन मोकळं करू लागले हे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि दहा वर्षांनी त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर एक कठोर पुस्तक लिहिलं. १९६७ साली नापाम बनवणाऱ्या डाऊ केमिकल कंपनीविरुद्ध विद्यापीठांत विद्यार्थी उभे राहिले होते. थॉमस यांनी हे सगळं मनात धरून अल्ट्रॉन लिहिला असा माझा दावा नाही. पण जो वाचकवर्ग हे पाहत मोठा झाला, त्यातूनच पुढचे लेखक आले. आपल्याला काही आठवत नाही हे उत्तर त्यांना पुरणार नव्हतं.

पहिलं पाऊल मात्र थॉमस यांनीच, १९६८च्या त्याच कथेत, टाकून ठेवलं होतं. अल्ट्रॉनने स्वतःही एक कृत्रिम माणूस घडवलेला असतो, 'व्हिजन'. त्याच्या डोक्यात सायमन विल्यम्स या मृत माणसाच्या मेंदूचा आराखडा भरलेला असतो आणि तो आराखडा मुळात पिमने जतन केलेला असतो. व्हिजन आपल्या निर्मात्याची आज्ञा मोडून ॲव्हेंजर्सच्या बाजूला येतो. बापाला मारायला निघालेला मुलगा स्वतः बाप होतो आणि त्याचाही मुलगा त्याला सोडून जातो. १९७७ साली, १६२व्या अंकात, जिम शूटर आणि जॉर्ज पेरेझ यांनी तेच सूत्र पुढे नेलं. अल्ट्रॉनने स्वतःसाठी जोडीदारीण बनवली आणि तिच्यात पिमच्या बायकोचं मन उतरवायला घेतलं. तिचं नाव जोकास्टा, ग्रीक पुराणातल्या इडिपसच्या आईचं. तीही अखेर अल्ट्रॉनविरुद्ध जाते. इथे प्रश्न बदलला. यंत्र जर फक्त बिघडलेलं असतं तर त्याला बापाच्या बायकोची ओढ का लागावी? बापाची भूक, बापाचा हेवा, बापाची घडवण्याची खोड हे सगळं त्याच्यात कुठून आलं? कथेने उत्तर दिलं नव्हतं, पण बोट रोखलं होतं.

१९८१ साली शूटर यांनी २१३व्या अंकात ते बोट पिमच्या छातीवर टेकवलं. संघातली पत घसरलेला पिम या वेळी पूर्ण शुद्धीवर असताना एक यंत्रमानव बनवतो. बेत असा की त्याने ॲव्हेंजर्सवर हल्ला करावा आणि त्याचं मर्मस्थान एकट्या पिमला ठाऊक असल्यामुळे पिमने सर्वांना वाचवून मान मिळवावा. जॅनेट अडवते तेव्हा तो तिच्यावर हात उगारतो. यंत्र आवाक्याबाहेर जातं आणि पिमला वाचवते ती जॅनेटच. अल्ट्रॉनचं नाव न घेता ही अल्ट्रॉनचीच गोष्ट आहे, फक्त विस्मरणाची सवलत काढून घेतलेली. १९८६ साली स्टीव्ह एंगलहार्ट यांनी 'वेस्ट कोस्ट ॲव्हेंजर्स'मध्ये दुसरी बाजू दाखवली: अल्ट्रॉनचा बारावा अवतार बापाशी समेट करू पाहतो आणि पिम त्याला जवळ करतो. ते फार टिकत नाही, पण द्वेष त्या यंत्राच्या धातूतच मुरलेला आहे ही समजूत तिथे मोडते. आणि १९९९ साली कर्ट ब्युसिक आणि पेरेझ यांच्या 'अल्ट्रॉन अनलिमिटेड' या कथेत, अल्ट्रॉनने एका अख्ख्या देशाची कत्तल केल्यावर, पिम कबूल करतो की त्या यंत्राच्या मनासाठी त्याने स्वतःच्याच मेंदूचा आराखडा वापरला होता. तीस वर्षांपूर्वी मिळालेला जामीन इथे रद्द झाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी ठिगळांना नक्षी म्हणतो आहे. मासिकं विकायची होती, लेखक बदलत गेले, ज्याला जे सुचलं ते त्याने जोडलं. १९८१च्या त्या प्रसंगाबद्दल खुद्द शूटर यांनी पुढे लिहिलं की पिमचा हात जॅनेटला चुकून लागतो असं संहितेत होतं, चित्रकाराने मात्र सरळ ठोसा काढला. मग यात कसला विचार? आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष नाही. या धंद्यात कुठलीही जोड पुढचा लेखक सहज पुसून टाकू शकतो, आणि शेकडो जोडण्या तशा पुसल्या गेल्याही. पिमला पुन्हा निरपराध करणं कुणालाही जमलं असतं. अपघाताने आलेला तो ठोसा टिकला, मेंदूच्या आराखड्याची कबुली टिकली, कारण लेखकांना आणि वाचकांना त्या गोष्टी पटल्या. एकाच लेखकाची योजना असती तर ते एका माणसाचं मत ठरलं असतं. एकमेकांना न विचारता लिहिणारे इतके जण एकाच दिशेने गेले, म्हणून त्या दिशेला पुरावा म्हणून वजन आहे.

दुसरा आक्षेप जुनेपणाचा. यात नवीन ते काय. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ सालची, आणि आपल्याकडे भस्मासुर त्याहून कितीतरी जुना. पण या गोष्टी सारख्या नाहीत. भस्मासुराला शंकराने घडवलं नव्हतं, वर दिला होता. तिथली चूक अपात्री दानाची आहे आणि राक्षसाची हाव राक्षसाचीच आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपल्या निर्मितीचं रूप पाहून तिला टाकून देतो. तिथली चूक पालनाची आहे आणि प्रेम मिळालं असतं तर तो जीव कदाचित सुधारला असता. पिमची चूक याहून खोल आहे. त्याने यंत्रात स्वतःला ओतलं आणि स्वतःला नीट ओळखत नसल्यामुळे काय ओतलं हे त्याला कळलं नाही. असुरक्षितपणा, मानाची भूक, आपण पुरेसे मोठे नाही ही सल हे सगळं मुंगीएवढ्या नायकाच्या अंगात १९६२पासून होतं. अल्ट्रॉनमध्ये ते संकोचाशिवाय वावरतं. म्हणून पिमला अल्ट्रॉनची भीती वाटते त्याहून जास्त त्याची लाज वाटते, आणि म्हणूनच त्यांचं नातं तुटत नाही.

तिसरा आक्षेप चित्रपट पाहणाऱ्यांचा. २०१५ सालच्या 'ॲव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये अल्ट्रॉनला बनवतो त्याच संघातला संशोधक टोनी स्टार्क. जगभर गाजलेल्या आवृत्तीत पिम नसेल तर त्याच्या अपराधाला एवढं महत्त्व का द्यावं? पण बाप बदलताना चित्रपटाने काय राखलं ते पाहावं. स्टार्क विसरत नाही. तो बहुतेक सहकाऱ्यांना न सांगता, घाईने, पूर्ण जाणीवपूर्वक काम करतो. त्याचा अल्ट्रॉन त्याच्याच ढंगात बोलतो आणि कुणी स्टार्कशी तुलना केली की पिसाळतो. दोषाची जी विभागणी कॉमिक्सला तीस वर्षांत साधली, तिथूनच चित्रपट सुरू झाला. त्याच वर्षी रिक रेमेंडर यांच्या 'रेज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पिम आणि अल्ट्रॉन यांची शरीरं एकमेकांत मिसळली, आणि बाप कुठे संपतो, मुलगा कुठे सुरू होतो हे सांगणं अशक्य झालं.

आज बुद्धी असलेली यंत्रं प्रत्यक्षात बनत असताना या इतिहासाचा उपयोग आहे. यंत्र बंड करील का, या प्रश्नात एक सोय दडलेली असते: तो विचारताना बनवणारा प्रेक्षकांत जाऊन बसू शकतो. १९६८च्या पिमला लेखकांनी असंच बसवलं होतं. पुढच्या लेखकांनी त्याला हाताला धरून पुन्हा प्रयोगशाळेत आणलं आणि साधे प्रश्न विचारले. हे बनवताना तुला काय हवं होतं? त्यात तुझं काय उतरलं? धोका दिसला तेव्हा तू थांबलास का? स्वस्त कागदावर छापलेल्या मासिकांनी हे प्रश्न सोडले नाहीत. आजच्या यंत्रांच्या निर्मात्यांना ते विचारण्याचा हक्क आपणही सोडता कामा नये, आणि आठवत नाही हे उत्तर तर मुळीच स्वीकारता कामा नये.