एक बंदूक, तीन कायदे

आजोबा गेल्यावर त्यांची बाराबोर ब्राउनिंग वारसाहक्काने आमच्याकडे आली, पण जुळे सोलापुरातल्या घरी नाही. परवानाधारक वारला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ती परत मिळवण्याच्या खटपटीत मला तिचा इतिहास वाचावा लागला.

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने ही सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन बनवली. विंचेस्टर कंपनीने रॉयल्टी नाकारली. मग तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांकडे गेला, तर भेट होण्याआधीच ते वारले. शेवटी 1902 मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ती काढली आणि पुढे 1998 पर्यंत ती बनत राहिली. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकत्रच मागे सरकतात. नळी आधी पुढे परतते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि बोल्ट नवं भरतो. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढावा लागतो. पुढच्या लाकडाखाली स्प्रिंगसोबत एक पोलादी कडी असते. जड काडतुसांसाठी ती स्प्रिंगच्या पुढे बसवतात, हलक्यांसाठी मागे. कडी हलक्यांसाठी ठेवून जड काडतुसं वापरली, तर लाकूड तडकतं.

यंत्र समजलं, आता कायदे. पहिला 1878 चा, लॉर्ड लिटनच्या काळातला. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. सोलापूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला आणि मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच वर्षी कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

दुसरा कायदा 1959 चा. वंशाचा भेद गेला, परवाना राहिला. वारसाला अर्ज करता येतो, पण नियमांच्या परिशिष्टात सेमी-ऑटोमॅटिक ही साध्या दुनळीपेक्षा कडक वर्गात मोडते. त्यामुळे आधीच्या परवान्यावर नेमकं काय लिहिलंय, ते शब्द पोलीस आयुक्तालयात वाचून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. परवाना मिळाला तरी निवडणूक आली की बंदूक बहुधा पुन्हा ठाण्यात जाते.

तिसरा कायदा 1972 चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता, आणि आजोबांच्या पिढीच्या शिकारीवर या कायद्याने कडक बंधनं आली. शहराबाहेरच्या नान्नज भागात 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झालं. काळवीट आणि माळढोक दोघेही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले.

आज ही बंदूक वापरायची म्हणजे तेल लावायचं, कडी कुठे आहे ते पाहायचं आणि फार तर रेंजवर मातीच्या तबकड्या फोडायच्या. यात मला काही कमी वाटत नाही. पण नान्नजचा माळ पाहून मात्र वाटतं. तिथे बंदुका गप्प झाल्या, तरी माळढोक परतला नाही. आता देशातच तो दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात. बंदुकीला परवाना लागतो. माळ नांगरायला आणि त्यावरून विजेच्या तारा ओढायला मात्र आपण कोणी इतक्या कडकपणे परवाना मागितला नाही.