वऱ्हाडचा जमाखर्च

इ. स. १८५३ हें साल वऱ्हाडच्या इतिहासांत दोन कारणांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. आणि मे महिन्यांत निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध चौदा वर्षांनीं दृष्टोत्पत्तीस आला.

तत्पूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापुरापर्यंत जाई. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग नागपुरास पोंचला. या कंपनीस भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची सरकारी हमी होती व जमीनही फुकट मिळाली होती; तूट आल्यास ती हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरावयाची. म्हणजे जोखीम रयतेची आणि नफा विलायतेंतील भागीदारांचा! मार्ग नेला तो पूर्णेच्या सखल खोऱ्यांतून. त्यामुळें अकोलें रुळावर आलें. पण खामगांव व अमरावती या कापसाच्या नामांकित पेठा बाजूस राहिल्या. पुढें जलंबेपासून खामगांवापर्यंत सुमारें आठ मैलांचा व बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत सुमारें सहा मैलांचा असे दोन फांटे सरकारनें स्वखर्चानें बांधले. खामगांवचा फांटा १८७० सालीं खुद्द लॉर्ड मेयो यांनीं खुला केला. आठ मैलांच्या रुळांसाठीं साक्षात् व्हाइसरॉयनें यावें, हें नवल खरें. पण अमेरिकेंतील यादवीच्या काळीं (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना बसलेला चटका अजून ताजा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे नवल वाटेनासें होतें. दुष्काळांत याच रुळांवरून धान्य आलें, हेंही नाकारतां येत नाहीं. परंतु रूळ कोठून न्यावे हें ठरलें तें धान्यासाठीं नव्हे.

या प्रांताचा वसूल जमा होई त्याचा हिशेब कोणापुढें मांडला जाई? १८६० च्या तहांत निजामाकडून असें कबूल करून घेतलें होतें कीं, जमाखर्चाचा हिशेब त्यानें मागूं नये. शिल्लक उरेल ती इंग्रज देतील. हिशेब मागावयाचा नाहीं म्हटल्यावर शिल्लक किती हें ठरविणारा कोण, हें सांगावयास नकोच. १९०२ सालीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें मिटविण्यांत आला: वार्षिक पंचवीस लक्ष रुपयांवर वऱ्हाड कायमचें पट्ट्यानें घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं तें मध्यप्रांतास जोडलें. दोन्ही वेळां वऱ्हाडच्या रयतेस कोणी विचारलें नाहीं.

मुर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर या दोन्ही दिशांस गेलेली, पुढें 'शकुंतला' या लाडक्या नांवानें प्रसिद्धीस आलेली अरुंद रुळांची गाडी ही याच परंपरेंतली. मालकी खासगी कंपनीची, व्यवस्था किलिक निक्सन या इंग्रजी पेढीची. स्वराज्यानंतर रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, तरी सुमारें १९० किलोमीटरांचा हा मार्ग कंपनीकडेच राहिला. गाड्या रेल्वेनें चालवावयाच्या व मोबदला कंपनीस द्यावयाचा. १९९४ पर्यंत तेथें वाफेचें एंजिन धांवत होतें. त्यांत कवींना गोडी वाटली. पण रुळांवर पैसा घालण्याची जबाबदारी नक्की कोणाची, या वादांत मार्ग जीर्ण होत गेला.

स्वराज्य येण्याच्या सुमारास हा हिशेब प्रथमच उघड बोलला गेला. ऑगस्ट १९४७ मधील अकोला करारांत महाविदर्भाचा स्वतंत्र उपप्रांत कल्पिला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानें लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च करण्याचें अभिवचन दिलें. १९५६ सालीं राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमांत विकास मंडळांची तरतूद झाली, पण मंडळें प्रत्यक्षांत आलीं १९९४ मध्यें! मधल्या काळांत प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ सालीं अनुशेष मोजला. म्हणजे रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य इत्यादि बाबतींत जिल्हा राज्याच्या सरासरीहून जितका मागें, तेवढें अंतर भरून काढण्यास लागणारी रक्कम. ती सुमारें ३,१८६ कोटी रुपये भरली, व त्यांत विदर्भाचा वांटा सुमारें १,२४६ कोटींचा होता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.

या आंकड्यांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. 'विदर्भ' म्हणून एकच बेरीज मांडली म्हणजे नागपूर व वऱ्हाड यांतील अंतर झांकलें जातें. राज्यपालांच्या निर्देशांप्रमाणें पुढें वर्षानुवर्षें निधि वांटला गेला, तरी सिंचनाचा अनुशेष चिकटून राहिला तो अमरावती, अकोला, बुलढाणा आणि १९९८ सालीं अकोल्यांतून वेगळा झालेला वाशीम या चार जिल्ह्यांस. आणि हे चारही जिल्हे वऱ्हाडचेच आहेत.